दोन ओळी विचारल्या, एवढं बिल कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण हा प्रश्न मला ऑफिसात, टपरीवर, व्हॉट्सॅपवर सगळीकडे येतो, की अरे मी एआयला दोन ओळी टाइप केल्या, डॉलर गेले कुठे. मी क्लॉड कोड, म्हणजे अँथ्रोपिकचं कोड लिहिणारं एआय टूल, एपीआय की लावून वापरतो, म्हणजे जेवढं वापरलं तेवढं बिल, तर त्याचंच सांगतो.

त्या दोन ओळींचं काही नाही हो. मॉडेलला मागचं आठवत नाही, त्यामुळे दर कॉलला, म्हणजे मॉडेलला केलेल्या प्रत्येक विनंतीला, अख्खं संभाषण, वाचलेल्या फायली, टेस्टचा आउटपुट, सगळ्याचं पहिल्यापासून पारायण. आणि "हा बग काढ" म्हटलं की फाइल शोधली एक कॉल, वाचली दुसरा, बदलली तिसरा, टेस्ट चालवली चौथा. सॉनेट 4 या क्लॉडच्या मॉडेलचा 2025 मधला दर धरा, 10 लाख इनपुट टोकनला (टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा, इनपुट म्हणजे आपण पाठवलेलं) 3 डॉलर, आउटपुटला 15. संभाषण 1 लाख टोकनचं झालं की एका कॉलला नुसत्या इनपुटचे 30 सेंट. कॅशेमधून, म्हणजे आधी पाठवलेलं तात्पुरतं साठवून ठेवतात त्यातून, वाचलं तर तेच 3 सेंटात होतं, पण एपीआयवर हा कॅशे एरवी 5 मिनिटंच टिकतो, मध्ये वापरला तर परत 5, म्हणजे तुम्ही चहा पिऊन गप्पा हाणून आलात की सगळं नव्याने कॅशेत लिहायचं आणि तेही सव्वापट दराने, साडेसदतीस सेंट!

मी सीसीयूसेज नावाचं फुकट टूल चालवतो, क्लॉड कोड आपल्याच मशीनवर जे लॉग ठेवतं ते वाचून ते रोजचा हिशोब मांडतं. लोक शेवटचा डॉलरचा कॉलम बघून घाबरतात, मी आधी कॅशेचे दोन बघतो, लिहिलेलं वाचलेल्याच्या मानाने फुगलं असेल तर समजायचं कॅशे सारखा तुटतोय. सबस्क्रिप्शनवाल्यांसाठी तो डॉलरचा आकडा नुसता एपीआयच्या दराने काढलेला, खिशातून तेवढे जात नाहीत, त्यांची डोकेदुखी 5 तासांची आणि आठवड्याची लिमिट.

काम बदललं की क्लॉड कोडमध्ये स्लॅश क्लिअर ही कमांड द्यायची, जुनं संभाषण साफ, बास. संभाषणात जागा कोण खातंय ते स्लॅश कॉन्टेक्स्ट दाखवतं.

आणि कोणी किती टोकन जाळले याचा तक्ता टीममध्ये फिरवणं हा मला शुद्ध येडेपणा वाटतो, लोक मग एकतर वापरायला लाजतात नाहीतर नंबरात यायला उगाच जाळतात. त्यापेक्षा अँथ्रोपिकच्या कन्सोलमध्ये, म्हणजे एपीआयचं खातं सांभाळायच्या साइटवर, टीमच्या वर्कस्पेसला महिन्याची खर्चाची मर्यादा घालता येते, ती आधी घाला.