वाटीवरचं नाव : १९९५च्या गोष्टीची नोंद, भाग ५

मंडळी, आमच्या सिनेमातला रांगेचा प्रसंग एकदाचा चित्रित झाला. तीन रविवार लागले, साडेचार लिटर दूध लागलं आणि मध्येच एक मोठी चूक निघाली, पण झाला. चोवीस प्रसंगांपैकी अकरा आता हातावेगळे झालेत. उरलेल्यांत दोनच अवघड आहेत, बाकी घरातले आणि गल्लीतले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गोष्ट पुन्हा सांगतो. गुरुवार, २१ सप्टेंबर १९९५. गाव नंदुरबार. अनंत चतुर्दशी होऊन तेरा दिवस झालेत, पितृपंधरवडा चालू आहे. सकाळीच सुरतहून कुणाच्या तरी मामाचा फोन येतो, की तिकडे गणपती दूध प्यायला लागलाय. दुपारपर्यंत गावातल्या देवळांपुढे रांगा लागतात, शाळा लवकर सुटते. दहावीतला आमचा मुलगा आईने दिलेली दुधाची वाटी सांभाळत रांगेत उभा राहतो. त्याच्या पुढे दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि तिच्याही हातात तशीच स्टीलची वाटी. गाभाऱ्याच्या दाराशी रेटारेटी होते आणि वाट्या बदलतात. घरी आल्यावर आई वाटी पालथी करून बघते, तर बुडाशी भलत्याच बाईचं नाव कोरलेलं! "मनी माहेरनी वाटी कोठे गयी रे?" इथून पुढे सिनेमाची वीस मिनिटं तो ती वाटी परत करायला गावभर हिंडतो.

हीच तारीख का, असं दोघातिघांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण गेली दोन वर्षं जुन्या काळातले शाळकरी प्रेमाचे सिनेमे वही घेऊन बघताना मला जे सापडलं, ते या तारखेतच आहे.

अशा सिनेमांत दोन जाती दिसतात. एका जातीत जुना काळ भिंतीवर टांगलेला असतो. पोस्टर, रेडिओ, बेलबॉटम, लॅम्ब्रेटा. सगळं जत्रेतल्या दुकानासारखं मांडलेलं. ते काढून घेतलं तरी गोष्ट तशीच चालते. दुसऱ्या जातीत काळ त्या दोन पोरांच्या वाटेत आडवा येतो. १९७३ सालचा 'अमेरिकन ग्राफिटी' घ्या. दिग्दर्शक जॉर्ज लुकसने गोष्ट ठेवली १९६२ सालातल्या उन्हाळ्याच्या अखेरच्या एका रात्रीत, म्हणजे फक्त अकरा वर्षं मागे. एका मुलाला शेजारच्या पांढऱ्या गाडीत क्षणभर एक मुलगी दिसते. नाव नाही, पत्ता नाही. रात्रभर शोधून तो शेवटी रेडिओवरच्या निवेदकाकडे जातो, तिच्यासाठी निरोप देतो आणि सार्वजनिक फोनच्या खोक्याजवळ तिच्या फोनची वाट बघत बसतो. रेडिओ आणि तो फोन वजा केलात तर त्या मुलाची गोष्टच उरत नाही. तैवानच्या 'आवर टाइम्स'मध्ये (२०१५) नव्वदच्या दशकातली शाळकरी मुलगी साखळीपत्रामुळे अडचणीत येते आणि तिथूनच सगळं सुरू होतं. ते बघताना मला आपली पंधरा पैशांची पोस्टकार्डं आठवली, 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर…' वाली. आमच्या गल्लीत असं कार्ड आलं की घरातलं वातावरणच बदलायचं. आणि आपल्या 'शाळा' सिनेमात आणीबाणी पोरांपर्यंत मोठ्यांच्या बोलण्यातून झिरपत येते, त्यांच्या नववीच्या वर्गावर तिची सावली असते. तिथे साल सांगायला पाटी लागत नाही.

म्हणून मी प्रत्येक प्रसंगाला एक कसोटी लावतो. ही अडचण आजच्या मोबाईलवर किती वेळात सुटली असती? वाटीचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला असता तर अर्ध्या तासात मालकीण सापडली असती. १९९५ साली मुलाच्या हातात फक्त एक कोरलेलं नाव आहे आणि सगळं गाव समोर आहे. त्या शोधातच तो प्रेमात पडतो. मुलगी त्याला दिसली अर्धा मिनिट, तिच्या घरच्यांची माहिती मात्र तो चार दिवस गोळा करतोय. शेवटी ती दार उघडते तेव्हा त्याला तिच्या आजोळचं गावसुद्धा ठाऊक असतं.

आता दुधाकडे येतो. सोंडेला चमचा लावला की दूध खरंच उतरतं, हे मी लहानपणी रांगेत उभं राहून बघितलेलं आहे. तेव्हा दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं होतं, की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थर होऊन खाली वाहतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे आम्हाला कसलीही युक्ती करायची गरज नव्हती, तीच गोष्ट कॅमेऱ्यापुढे घडायला हवी होती. पण पहिल्या रविवारी काही केल्या घडेना. चमचा लावला की दूध कडेला साचायचं आणि भसकन सांडायचं. दुपारी लक्षात आलं की आम्ही तापवलेलं दूध तसंच वापरत होतो, साय बारीक तुकड्यांनी चमच्याच्या ओठावर अडकत होती. मलमलच्या फडक्यातून गाळून घेतलं, चमचा अगदी काठोकाठ भरला, नाक पुसल्यासारखा हलकेच सोंडेला टेकवला, आणि दूध निघालं. एवढ्या जवळून बघताना आधी चमच्यातल्या दुधाचा फुगीर माथा सपाट होतो, मग मध्ये खळगा पडतो, मग तळाचं स्टील दिसतं. सात सेकंद लागतात. माझ्या मावसभावाने फोनच्या कॅमेऱ्याला जवळचं टिपणारी काच लावून ते घेतलं आणि आम्ही सगळे गप्प उभे होतो. १९९५ साली लोकांना काय वाटलं असेल, ते त्या सात सेकंदांत कळलं.

आमची मूर्ती पितळेची आहे, देऊळवाल्यांनी गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ दिला नाही आणि ते त्यांचं बरोबरच होतं. मूर्ती मावशीच्या देवघरातली, मागे शेंदूर लावलेली फळी. पडद्यावर गाभारा वाटतो.

वाटीचं काम मात्र मनासारखं व्हायला दीड महिना गेला. भांड्यावर नाव घालणं आपल्याकडे अजून आहे, भांड्यांच्या दुकानात विजेच्या यंत्राने दोन मिनिटांत घालून देतात. तसं एक करून घेतलं. अक्षर सुबक आलं, पण नवं आलं. सलग, बारीक, एकसारखी रेघ. आमची वाटी मुलीच्या आईच्या लग्नातली आहे, म्हणजे १९७८च्या आसपासची. तेव्हाचं हाताने ठोकलेलं अक्षर टिंबाटिंबांचं असतं. बोट फिरवलं तर खरखरतं, आणि वाटीच्या आतल्या बाजूला प्रत्येक टिंबाचा उंचवटा लागतो. शिरोरेघ कधी सरळ नसते, कारण कारागीर वाटी मांडीवर फिरवत ठोकायचा. पार शहाद्यापर्यंत विचारत गेलो. शेवटी आमच्याच मागच्या गल्लीत एक म्हातारे बाबा निघाले, ज्यांनी तरुणपणी बोहारणींबरोबर फिरून नावं घातली होती. त्यांच्याकडे छिन्नी होती, हातही होता. फक्त डोळ्यांना दिसत नव्हतं. त्यांच्या नातवाने वाटी धरली, मी पेनने अक्षरं काढून दिली आणि त्यांनी बोटाने रेघ चाचपत नाव ठोकलं. पंचेचाळीस मिनिटं लागली. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, "सिनेमा दखाडजो मले." पहिला खेळ त्यांच्या ओट्यावर होणार आहे.

ती वाटी नंतर चिंचेने घासली, राखेने घासली, आठ दिवस घरात आमटीला वापरली. आता ती खरी वाटते.

चुकीबद्दल लिहिलं पाहिजे, कारण तुमच्यापैकी कुणी आपल्या भागातली गोष्ट करत असेल तर उपयोगी पडेल. शाळा सुटण्याचा प्रसंग आम्ही दुसऱ्या रविवारी घेतला. फाटकावर कापडी पाटी रंगवून लावली होती, शाळेचं काल्पनिक नाव आणि खाली 'जि. नंदुरबार'. चाळीस पोरं, सायकली, रिबिनी, सगळं झकास झालं. संध्याकाळी चहाला थांबलेले एक निवृत्त गुरुजी पाटीकडे बघून म्हणाले, "हा जिल्हा १९९५ साली कुठे होता?" माझ्या पोटात खड्डाच पडला. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. तोपर्यंत आपण सगळे जिल्हा धुळे लिहीत होतो. वह्यांवर, दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर. मी स्वतः दहावीच्या अर्जावर तेच लिहिलंय. वाईट याचं वाटलं, की त्याच चौकटीत उभ्या असलेल्या लुनाची नंबरप्लेट आम्ही आठवणीने धुळ्याची एमएच-१८ केली होती, नंदुरबारची एमएच-३९ नव्हे. गाडीचं साल बरोबर आणि शाळेचं चूक. पुन्हा चाळीस पोरं जमवणं शक्य नव्हतं, सव्वीस आली. पाटी नव्याने रंगवली, कॅमेरा थोडा खाली घेतला, सायकली पुढे उभ्या केल्या. आता गर्दी दाट दिसते आणि पाटीवर 'जि. धुळे' आहे. मला वाटतं, हा प्रसंग पहिल्यापेक्षा चांगला झाला. धुळ्याचं नाव वाचून आमच्या वयाच्या माणसाला साल आपोआप कळेल.

पथारीवर वाळत घातलेल्या लाल मिरचीचा प्रसंगही मी गाळला. नंदुरबारचा सिनेमा आणि मिरची नाही, असं मावसभाऊ दोन दिवस म्हणत होता. पण ओल्या मिरचीची खरी आवक दसऱ्याच्या सुमारास भरते. २१ सप्टेंबरला त्या पथाऱ्या लाल दिसणार नाहीत. दिसायला कितीही सुंदर असलं तरी खोटं घ्यायचं नाही, हे ठरलंय.

आवाजाचं थोडं. 'अमेरिकन ग्राफिटी'त आवाजाचं काम बघणाऱ्या वॉल्टर मर्चने गाणी थेट जोडली नाहीत. ती खऱ्या जागेत वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केली, म्हणून ती गाड्यांतून, मोकळ्या हवेतून येतात तशी ऐकू येतात. आम्हीही तेच केलं. त्या वर्षांतली फिल्मी गाणी हक्कांमुळे वापरता येत नाहीत, तेव्हा धुळ्याच्या एका मित्राने अहिराणीत नवं गाणं बांधलं. ते कॅसेटवर उतरवलं, चहाच्या टपरीवर जुन्या टेपमध्ये लावलं आणि वीस पावलांवरून रेकॉर्ड केलं. मध्येच टेपने फीत गिळली, पेन्सिल घालून गुंडाळली, तरी एका जागी सूर किंचित लवतो. तो लवलेला सूर तसाच ठेवलाय.

पुढच्या रविवारी पी.पी. फोनचा प्रसंग. तरुण वाचकांसाठी सांगतो, घरी फोन नसला की लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापायचे आणि पुढे 'पी.पी.' लिहायचे. मुलाला जुन्या पत्रिकेत वाटीवरचं आडनाव आणि असा नंबर सापडतो. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमधून तो फोन लावतो. समोर लाल आकडे पळतायत, खिशात दोन रुपये आहेत. पलीकडून शेजारच्या काकू आधी त्याचं गाव, मग जात, मग वडिलांचं काम विचारतात आणि मग म्हणतात, "थांब, बोलावते." काकू जिने उतरून जातात, मीटर चालूच. बोलणं एक शब्दही होत नाही, पैसे संपतात. पण फोन ठेवण्याआधी त्याला लांबून कुणीतरी पळत येताना पैंजण ऐकू येतात. तेवढ्यावर त्याचे पुढचे दोन दिवस जातात. बूथची लाकडी केबिन मिळाली आहे, काच फुटलेली आहे ती बसवायची. लाल आकड्यांचं चालू मीटर अजून मिळालेलं नाही. जळगाव-भुसावळकडच्या कुणाच्या माळ्यावर पडलं असेल तर कळवा, परत पोचवायची जबाबदारी माझी.

एक गोष्ट सांगायची राहिली. तिसऱ्या रविवारी वाट्या बदलल्यानंतरचा मुलीचा भाग घेतला. लिहिलं होतं एवढंच की ती घरी येते आणि वाटी धुते. मुलीचं काम करणारी पोरगी अकरावीत शिकते, तिच्या घरी सगळं काचेचं. तिने वाटी धुतली, ओढणीच्या टोकाने पुसली आणि सहज अंगठा बुडावरून फिरवला. आम्ही दिलेली वाटी मुलाच्या आईची, म्हणजे तिच्यावरही बाबांनीच ठोकलेलं नाव होतं. ती थांबली. खिडकीकडे वळून वाटी उजेडात तिरकी धरली आणि ओठ हलवत एकेक अक्षर लावत गेली. शेवटच्या अक्षराला तिच्या लक्षात आलं की ही आपली नाही. तिने दाराकडे बघितलं, कुणी आहे का म्हणून, आणि वाटी मांडणीत न ठेवता दप्तरात ठेवली.

हे मी लिहिलेलं नव्हतं. शेवटचे तीन प्रसंग आता मी बदलतोय, कारण वाटी परत करायची घाई तिलाही आहे असं धरून मी चाललो होतो.