आठ तास दहा मिनिटं

त्या दिवशी कोर्टाच्या बोर्डावर आमची एकच महत्त्वाची साक्ष होती, आरोपीचं रक्त काढणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची. घटना जुलै २०२४ च्या आधीची, त्यामुळे कलमं जुन्या दंड संहितेची: २७९ (बेदरकार गाडी चालवणं) आणि ३०४-अ (हयगयीने मृत्यू), सोबत मोटार वाहन कायद्याचं १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं). महागडी गाडी, चालवणारा एका बड्या व्यावसायिकाचा मुलगा, मयत सायकलवरून कामावर निघालेला वॉचमन. अपघाताची वेळ रात्री १.४०. सरकारी वकील म्हणून मी घेतलेला सरतपास, म्हणजे आमच्या बाजूचे प्रश्न, पटकन आटोपला. उलटतपास मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला, आणि आरोपी प्यायला होता की नव्हता यावर त्यात एकही प्रश्न नव्हता.

प्रश्न सगळे रक्ताच्या बाटलीवर. रक्त काढण्याआधी कातडी कशाने पुसली? महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे रक्तचाचणीचे नियम आहेत. रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये, असं त्यांत स्पष्ट आहे. वॉर्डात हाताशी असतो स्पिरिटचा बोळा. डॉक्टर प्रामाणिक होते, म्हणाले, आठवत नाही. रक्त किती काढलं? नियमाप्रमाणे किमान ५ सीसी हवं. केसपेपरवर नुसतंच 'रक्त घेतलं'. बाटलीत सोडियम फ्लोराइड होतं का? लेबलवर नोंद नाही. हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण फ्लोराइड नसेल आणि बाटली गरम राहिली तर जंतू रक्तातल्या साखरेपासून स्वतःच थोडं अल्कोहोल तयार करतात. म्हणजे प्रयोगशाळेत जे सापडलं ते आरोपीच्या पोटातलं की बाटलीतलं, ही शंका उभी राहते. मग सील. लाखेवर मुद्रा कोणाची, तिचा नमुना सोबतच्या पत्रावर आहे का? नव्हता. नमुना चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत गेला. तोवर कुठे होता? 'फ्रिजमध्ये.' फ्रिजची नोंदवही? नाही. घेऊन जाणाऱ्या शिपायाचा जबाब? तपासी अंमलदारांनी घेतलाच नव्हता.

सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, आकडा होता १०० मिलिलीटर रक्तात १४ मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा ३०.

रक्त घेतलं होतं सकाळी ९.५० ला. म्हणजे अपघातानंतर आठ तास दहा मिनिटांनी. शरीर अल्कोहोल जाळतं तसा हा आकडा तासाला साधारण १५ ने उतरतो; माणसागणिक हे १० ते २५ पर्यंत बदलतं. तेवढ्या वेळात ८० ते २०० मिलिग्रॅम उतरलेलं असणार. उलटा हिशेब केला तर १.४० ला आकडा ९५ ते २१५ च्या दरम्यान कुठेतरी येतो, कसाही धरला तरी मर्यादेच्या किमान तिप्पट. पण कलम १८५ ला लागतो चाचणीत प्रत्यक्ष सापडलेला आकडा. उलट्या हिशेबाला तज्ज्ञ उभा केला, तर शेवटचा पेग किती वाजता आणि पोटात जेवण होतं का, हे त्याला कोणी सांगायचं? आणि मुळात १४ च संशयात सापडले की पुढचा सगळा हिशेब हवेत राहतो.

इतका उशीर का झाला, हे कागदावर अगदी सरळ दिसतं. पहाटे चारच्या सुमारास घरचा ड्रायव्हर पोलीस ठाण्यात हजर झाला, गाडी मीच चालवत होतो म्हणाला. स्टेशन डायरीत त्याचं नाव चढलं, यादी (तपासणीसाठी पोलिसांचं पत्र) देऊन त्याला रुग्णालयात पाठवलं, त्याचं रक्त घेतलं. त्यात अर्थातच काही नव्हतं. सकाळी पार्किंगच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात चालकाच्या सीटवर व्यावसायिकाचा मुलगा दिसला, तेव्हा त्याला बोलावलं. तो वकिलांसोबत आला, नम्रपणे आला. कोणी पैसे खाल्ल्याचा पुरावा नाही, कुठली नोंद खोडलेली नाही. फक्त ते तास निघून गेले.

श्रीमंतांना शिक्षा कमी होते का, असं मला बरेच जण विचारतात. निकालपत्रात त्याचं उत्तर शोधून फारसं हाती लागत नाही. ३०४-अ ची कमाल शिक्षा सगळ्यांनाच दोन वर्षं होती. नव्या संहितेच्या १०६(१) मध्ये ती पाच वर्षं झाली. खरी उडी आहे ती सदोष मनुष्यवधाच्या कलमाची, तिथे दहा वर्षांपर्यंत जाता येतं. तिथे पोचायला 'मृत्यू होऊ शकतो याची जाणीव होती' हे दाखवावं लागतं, आणि त्या जाणिवेचा मोठा आधार म्हणजे रक्तातला आकडा. सकाळचे ते काही तास दोन आणि दहा वर्षांमधला फरक ठरवतात.

२००६ ची कार्टर रोडची घटना घ्या. ॲलिस्टर परेराच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. तो घरचा खाऊनपिऊन सुखीच होता. पण जागेवर सापडला, रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलीटरमागे ११२ मिलिग्रॅम, अल्कोहोल निघालं. सत्र न्यायालयाने ३०४-अ खाली सहा महिनेच दिले, तरी उच्च न्यायालयाने कलम वर नेऊन तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुरावा शाबूत असेल तर वरच्या कोर्टात काहीतरी करता येतं. याउलट २०२४ च्या वरळीच्या घटनेत संशयित हाती लागला तोच दोन दिवसांहून अधिक काळाने. तेव्हा रक्तात काय उरणार?

शिक्षेतही पैसा डोकावतो, पण उघडपणे, भरपाईच्या नावाने. पंजाबच्या एका खटल्यात नातेवाइकांना ८५ हजार दिले म्हणून उच्च न्यायालयाने एका वर्षाची शिक्षा २४ दिवसांवर आणली होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली. हा निवाडा मी फायलीत कायम ठेवतो. असाच अपघात करणाऱ्या गरीब डंपरचालकाला अशी भरपाई देता येत नाही. त्याला जमावच पकडून देतो, तासाभरात रक्त निघतं, आकडा ताजा. कलम जामीनपात्र, पण हमीदार मिळत नाही. आठवड्यात जामीन देता आला नाही तर त्याला निर्धन समजून जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडा, असं कायद्यात आहे. ते सांगायला त्याच्याकडे वकील हवा ना! मग तो गुन्हा कबूल करून मोकळा होतो.

आमच्या खटल्यात कॅमेऱ्यामुळे आरोपी आणि वेग सिद्ध झाले. १८५ मधून सुटला, ३०४-अ मध्ये एक वर्ष. आधीपासून जामिनावर असलेल्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली, तर अपिलासाठी खालचंच कोर्ट ती थांबवून जामीन देतं. तसंच झालं, तो संध्याकाळी घरी गेला. डंपरवाला जामिनावर असता तर त्यालाही हीच सवलत होती.

ठाण्यातले अधिकारी विचारायला येतात तेव्हा आता मी आधी एवढंच सांगतो: कोणीही 'मी चालवत होतो' म्हणत आला, तरी गाडीत असलेल्या प्रत्येकाचं रक्त त्याच यादीवर घ्या, वेळ मिनिटासकट लिहा. चालकाच्या सीटचं अंतर पंचनाम्यात टेपने मोजा. सव्वापाच फुटांचा ड्रायव्हर सहा फुटांच्या माणसाच्या सीटवर बसून गाडी चालवत नाही. एअरबॅग फुटली असेल तर कापून जप्त करा, चालकाच्या चेहऱ्याची लाळ-रक्त तिच्यावर असतं. आणि ती कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरली की डीएनए खराब होतो.