पाचपैकी दोन

हर्णै बंदराजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीला शिकवते. माझी मुलगीही त्याच वर्गात आहे. जुलैमध्ये मी पाच गुणांचा निबंध घातला, ‘माझा आवडता ऋतू’.

माझ्या मुलीने मोर लिहिला, इंद्रधनुष्य लिहिलं, धरतीला हिरवा शालू नेसवला. तिला पाच मिळाले. तिसऱ्या बाकावरच्या एका खलाशाच्या मुलीने चारच ओळी लिहिल्या. ‘पावसाळ्यात होडी शाकारतात. बाबा घरी असतात म्हणून मला पावसाळा आवडतो. आई सोनाराकडे जाते. मग वही येते.’ तिला मी दोन दिले आणि लाल शाईने शेरा मारला, ‘विषयाला धरून लिही.’

रात्री भांडी आवरताना आठवलं की तो हिरवा शालू माझाच. गेल्या वर्षी मीच मुलीला सांगितलेला. म्हणजे ते पाच गुण मी मलाच दिले होते. आणि त्या चार ओळींत वर्गातलं एकमेव स्वतः पाहिलेलं वाक्य होतं, ते मला विषय सोडून वाटलं.

आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ म्हणून ती असायलाच हवी. पण शाळाही जूनच्या मध्यावरच उघडते. खलाशाच्या घरात कमाई थांबते त्याच महिन्यात वह्या, छत्री, चपला लागतात. पाठ्यपुस्तकं सरकारकडून मिळतात, वह्या मिळत नाहीत. 2023-24 मध्ये पुस्तकांतच कोरी पानं जोडली होती, पुढे ती बंद झाली. मग नाखव्याकडून, म्हणजे होडीच्या मालकाकडून, उचल नाहीतर आईचं गळ्यातलं. जून-जुलैच्या माझ्या नोंदींत ‘गृहपाठ नाही’ हा शेरा याच घरांपुढे जास्त आहे. आळशी म्हणून मी किती जणांना बोलले असेन.

ऑगस्टात होड्या पाण्यात जातात आणि दुसरीच अडचण सुरू होते. आई मासळीच्या लिलावाला जाते, धाकट्या भावाला सांभाळणं त्या खलाशाच्या मुलीवर येतं, हजेरीपटावर फुल्या वाढतात.

अमेरिकेत 1966 मध्ये जेम्स कोलमन यांच्या अहवालात आलं होतं की मुलांच्या यशातला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी जास्त जोडलेला दिसतो. हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आमचा कोकण विभाग 2012 पासून दहावीच्या निकालात राज्यात पहिला येतो, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्या टक्केवारीत कोणाला घरी शालू मिळाला आणि कोणी एकट्याने चार ओळी लिहिल्या, हे दिसत नाही.

त्या मुलीची आई पालकसभेला कधी येत नसे. ‘लक्ष नाही’ असं मी म्हणायचे. सभा आम्ही सकाळी दहाला ठेवायचो, तेव्हा ती बंदरावर मासळी निवडत असते. म्हणून ऑगस्टात मी तिला दुपारी बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. मी वही उघडून निबंध वाचून दाखवला. सोनाराच्या ओळीवर ती थोडा वेळ काही बोलली नाही.

“हे तिने लिवलंय?”

“हो.”

“सगळं खरंच हाय की. मग दोनच का दिलंत, बाई?”

मला उत्तर देता आलं नाही. ‘चूक माझी झाली’ एवढं म्हणाले आणि तिच्यासमोर दोनाचे चार केले. पाचवा शुद्धलेखनासाठी ठेवला, तो मुलीने नंतर सुधारून मिळवला.

आता सभा दुपारी तीनला होते. जूनसाठी वह्यांचा एक गठ्ठा मी आधीच घेऊन ठेवलाय. तो सगळ्या वर्गाला वाटणार आहे, माझ्या मुलीलाही, म्हणजे कोणाला हात पसरावा लागणार नाही. हजेरीचं मात्र अजून जमलेलं नाही. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा आहे. अंगणवाडी त्याला तीन पूर्ण झाल्यावर घेईल. तोवर तो तिसऱ्या बाकावर तिच्या मांडीवर बसतो आणि कधीकधी तिच्या आधी पाढा म्हणतो.