एकोणतीस सत्ते

संध्याकाळी साडेसहाला गल्लीत बजाज चेतकचा आवाज यायचा. स्टँड लावल्याचा 'खट्' ऐकू आला की आई गॅस बारीक करायची आणि मी वही घेऊन भिंतीला टेकून बसायचे. अण्णा, माझे वडील, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे, मग पाढे. एकोणतीसच्या पाढ्यात मी कायम सातवर अडायचे. पहिल्यांदा अडले की फूटपट्टी, दुसऱ्यांदा कमरेचा पट्टा. आई पोळ्या लाटत राहायची. नंतर म्हणायची, "तोंड धू, जेवायला ये." (तिच्यावरचा राग मी अजून नीट काढलेलाच नाही.) कराडात तेव्हा घरोघरी हेच चालायचं, असं नातेवाईक आजही सांगतात. शेजारी नव्हतं. मला खिडकीतून दिसायचं.

आता मी ४४ वर्षांची आहे, पुण्यात राहते. तरी पार्किंगमध्ये कुणी गाडी स्टँडला लावली की माझे खांदे कानांना भिडतात. कितीतरी वर्षं मी हे मानेचं दुखणं समजून शेकत बसले.

पहिल्या समुपदेशक बाई तिसऱ्याच भेटीत म्हणाल्या, "माफ करून टाका, मोकळ्या व्हाल." फी दिली, परत गेले नाही. मग एकदा रात्री दोनला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावला. पलीकडच्या मुलाने मराठीत, घाई न करता ऐकून घेतलं. तेवढ्या बळावर दुसऱ्या बाई शोधल्या.

यांनी आधी माहिती दिली. १९९८ साली अमेरिकेत साडेनऊ हजारांवर लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी मार, छळ, घरातली हिंसा जितकी जास्त वाट्याला आलेली, तितकं मोठेपणी नैराश्याचं आणि हृदयविकाराचंही प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे मी 'फार मनाला लावून घेणारी' नव्हते तर! मग गृहपाठ दिला. 'खट्' ऐकू आलं की तळपाय फरशीवर दाबायचे आणि मोठ्याने बोलायचं : साल कोणतं, वय किती, या घराची किल्ली कुणाकडे? माझ्याकडे. सुरुवातीला वेड्यासारखं वाटलं. खांदे अजूनही वर जातात, पण पूर्वी रात्रभर तसेच राहायचे, आता मिनिटभरात खाली येतात.

खरी परीक्षा दिवाळीत झाली. अण्णा राहायला आले होते, वय ७८. माझ्या तिसरीतल्या लेकीला शेंगदाणे मांडून पाढे शिकवत होते. ती चुकली. "असू दे गं, परत म्हण," अण्णा म्हणाले.

मी ओटा घट्ट धरून उभी. सगळ्यांना वाटतं, हे बघून मी विरघळायला हवं होतं. मला संताप आला. म्हणजे यांना येत होतं! हे एक वाक्य मला का नाही मिळालं?

रात्री विचारलंच, "अण्णा, मला पट्ट्याने का मारायचात?"

त्यांनी चष्मा पुसला. "शिकलीस ना?" म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

यापलीकडे त्यांच्याकडून काही येणार नाही, हे त्या रात्री मला पटलं. रडले, पण त्यांच्यासाठी नाही. वही घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या पोरीसाठी.

ते परत गेल्यावर लेक विचारत आली, "आई, एकोणतीस सत्ते?"

जीभ तिथेच अडली. तळपाय दाबले. "मला नाही येत," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"मला पण नाही," ती खिदळली आणि शेंगदाण्यांचा डबा घेऊन आली. दोनशे तीन मोजायचे होते. निम्मे आम्ही मोजता मोजताच खाल्ले.