द्राक्षाचा हंगाम आणि घरातलं दहावी-बारावीचं मूल

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये घराघरात ताण असतो. माल काढणीला आलेला, दर ठरत नाही, आभाळ भरून आलं की कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. नेमक्या याच दिवसांत दहावी-बारावीचे पेपर. मुलाकडे बघायला मोकळं माणूसच उरत नाही. ज्याच्या घरात दारू आहे, ज्याच्या आईला किंवा वडिलांना नैराश्याचा आजार होऊन गेलाय, जवळचं कुणी गेलंय, किंवा ज्याने आधी कधी स्वतःला इजा केलीय, ते मूल या दिवसांत लवकर खचतं. म्हणून तयारी ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच सुरू करा. पेपर तोंडावर आल्यावर नवी सवय लागत नाही.

‘मन घट्ट कर’ म्हटल्याने मूल फक्त लपवायला शिकतं.

पहिलं काम झोपेचं. या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही, तो आळस नव्हे. रात्री १२ पर्यंत जागायचं आणि पहाटे ४ ला उठायचं, याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. ते बंद व्हायला हवं. अपुऱ्या झोपेने वाचलेलं लक्षात राहत नाही, चिडचिड मात्र वाढते. झोपायची वेळ लादू नका. आधी उठायची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तीच. उठल्यावर लगेच उजेडात अंगणात पाठवा. मोबाइल रात्री सोप्यात चार्जिंगला, आणि हा नियम वडिलांनाही.

दुसरं, घरातल्या एका मोठ्या माणसाने रोज १५ मिनिटं मुलासोबत घालवायची. आई-बाप बागेत अडकले असतील तर आजी, काका, मामा कुणीही चालेल, पण माणूस तोच हवा. समोर बसवून चौकशी केली की मूल गप्प होतं. धार काढताना, क्रेट लावताना, शेजारी राहून बोलणं सोपं जातं. त्या वेळात मार्कांचा विषय काढायचा नाही. ‘त्यात काय एवढं’ म्हणण्याऐवजी ‘मग तू काय केलंस?’ एवढं विचारा. अडचण मोठी वाटली तर कागदावर एकच लिहायला सांगा, तिच्यावर तीन उपाय, त्यातला एक आठवडाभर करून बघायचा. उपाय त्याने शोधायचे. चुकला तरी चालेल. इथे पालक घाई करतात आणि उत्तर देऊन मोकळे होतात.

मन उतरू लागलं की मूल आधी आवडीची गोष्ट सोडतं: कबड्डी, तालीम, मैत्रिणींबरोबरचं फिरणं. इच्छा होईल तेव्हा जाईल, असं थांबू नका. १० मिनिटांसाठी पाठवा; इच्छा बहुतेकदा करता करता येते. छातीत धडधड होत असेल तर ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, पाच मिनिटं. सराव शांत वेळी करायचा. ऐन घाबरल्यावर पहिल्यांदा शिकवलं तर जमत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे, उरलेला डबा गोठ्यात किंवा शेडमध्ये उघडा नको. टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते; हाताशी साधन नसलं तर ती ओसरायला वेळ मिळतो आणि जीव वाचतो. शंका आली तर स्पष्ट विचारा: ‘तुला जीव नकोसा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, रडू आवरा, मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

उदासी, झोप-भूक बिघडणं, शाळा टाळणं दोन आठवड्यांवर गेलं तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात दाखवता येतं. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्या तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर जास्त लक्ष ठेवा, अस्वस्थता वाढली तर लगेच कळवा. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या बंद केल्या तर त्रास परत उलटतो; बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.