चोर आलाय!

"अगं, चमचे आत घे, चोर आलाय!" शेजारच्या काकू त्यांच्या गॅलरीतून ओरडल्या.

ग्रिलवर टकाचोर पक्षी बसला होता. तांबूस अंग, काळं डोकं, लांबलचक करडी शेपटी, टोकाला काळी. मुलुंडला नॅशनल पार्क जवळच, त्यामुळे त्याचं नवल नाही. समोर स्टीलचे चमचे वाळत होते, साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एसीच्या मागे चोच खुपसली, पाल ओढून काढली आणि उडाले. (माझ्यातर्फे त्यांना बक्षीस द्यायला हवं.)

काकू तरी ठाम. "तू उभी होतीस म्हणून वाचले हो चमचे!"

त्याचा युरोपातला भाऊबंद मॅगपाय, त्याचीही हीच गत. चकचकीत वस्तू पळवतो म्हणून बदनाम. २०१४ मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी खाण्याशेजारी चकचकीत स्क्रू आणि फॉइलच्या रिंगा ठेवून पाहिल्या, तर पक्षी उलट बिचकले.

इंग्लंडात तो एकटा दिसला की अपशकुन. कोरियात मात्र सकाळी ओरडला की चांगली बातमी किंवा पाहुणे येणार, अगदी आपल्या कावळ्यासारखं.

आता कावळाही याच कुळातला, आणि हातातला वडापाव पळवण्यात त्याचा हात कोण धरणार? मग त्याला पाहुण्यांचा निरोप्या म्हणायचं आणि टकाचोरावर चमच्यांचा आळ, असं का?