पॅच जुळतो, माणूस निसटतो

रेंजफाइंडर, म्हणजे एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस लावायचा कॅमेरा, माझ्याकडे दुरुस्तीला येतो तेव्हा सोबत निदानही घेऊनच येतो. “फोकस आउट आहे, तेवढा जुळवून द्या.” त्या मुलीनंही टेबलावर लायका एम३ ठेवत हेच सांगितलं. कॅमेरा अजून तिचा नव्हता, घ्यायच्या आधी वापरून बघायला मिळाला होता. रस्त्यावरची माणसं टिपायची आणि तीही फिल्मवर, एवढं तिचं पक्कं होतं. “काका, हा नीट होणार असेल तर घेते, नाहीतर परत करते.”

मी कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी निगेटिव्ह मागितली. ५० मिमीची लेन्स, बहुतेक फ्रेम एफ/२ वर, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून घेतलेल्या. लाइटबॉक्सवर भिंग ठेवून पाहिलं तर समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा मऊ, म्हणजे धूसर, आणि त्याच्या मागच्या भिंतीवरची अक्षरं लख्ख. पुढच्या पट्टीत एक पाठमोरी बाई, तीही मऊ, पण तिच्या अलीकडची फरशी स्पष्ट. इथे माझा हात थांबला. बिघडलेला रेंजफाइंडर सहसा एकाच बाजूला चुकतो, कायम पुढे नाहीतर कायम मागे. येणाऱ्याच्या मागे आणि जाणाऱ्याच्या अलीकडे, असं माणसाची चाल बघून चुकणारं यंत्र अजून तरी कुणी बनवलेलं नाही.

तरी तपासणं भाग होतं. लेन्स अनंतावर नेऊन दूरच्या टॉवरची कड बघितली. दोन्ही प्रतिमा एकावर एक, वर-खालीही सरकलेल्या नाहीत. मग मागची झडप उघडली, फिल्म जिथे बसते तिथे दुधी काचेचा तुकडा धरला, शटर ‘बी’वर, म्हणजे बटण दाबून धरेपर्यंत, उघडं ठेवलं आणि टेपने मोजून एक मीटरवर लावलेला छापील कागद भिंगातून पाहिला. पॅच, म्हणजे चित्राच्या मधोमध दोन प्रतिमा दिसतात तो लहान चौकोन, जिथे जुळला तिथेच अक्षरं धारदार. या मॉडेलकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. १९५४ साली आलेल्या एम३ मध्ये रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांतलं अंतर ६८.५ मिमी आहे आणि व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे बघायच्या खिडकीतून, चित्र ०.९१ पट दिसतं. दोन्हींचा गुणाकार सुमारे ६२ मिमी येतो, आणि फोकसची अचूकता ठरते ती या आकड्यावर. पन्नास, नव्वदच्या लेन्सला याच्या तोडीचे कॅमेरे फार थोडे.

मग माणसं मऊ का? पन्नासची लेन्स, एफ/२, तीन मीटर, या हिशेबात साधारण २.८ ते ३.२ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. चालणारा माणूस सेकंदाला सव्वा ते दीड मीटर कापतो. पॅच जुळला, चौकट नीट केली, बटण दाबलं, यात अर्धा सेकंद गेला तरी माणूस त्या पट्ट्याबाहेर. कॅमेरा खरं बोलत होता, पण अर्ध्या सेकंदापूर्वीचं.

हे सांगता सांगता तिच्या चष्म्याकडे लक्ष गेलं. डाव्या काचेवर गोलाकार ओरखडा, ताजा. एम३ च्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या काचेला, धातूची कडी असते, चष्म्याशी तिचं जुनं वैर. पण डाव्या काचेवर? “कॅमेरा लाव बघू डोळ्याला.” तिने डाव्या डोळ्याला लावला. दोन्ही हातांच्या बोटांत त्रिकोण करून त्यातून समोरचं घड्याळ बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला सांगितलं. उजवा उघडा ठेवला की घड्याळ त्रिकोणातून गायब. म्हणजे डावाच डोळा कर्ता.

तिने एम३ निवडला होता तो कशासाठी? जवळजवळ खऱ्या आकाराचं चित्र दिसतं, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, चौकटीत शिरणारा माणूस आधीच कळतो म्हणून. वाचलेलं सगळं खरं होतं, पण उजव्या डोळ्याच्या माणसासाठी. बघायची खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाला असते. उजव्या डोळ्याला लावली की डावा मोकळा राहतो, डाव्याला लावली की उजव्यापुढे अख्खी बॉडी येते. त्यात हा सुरुवातीचा, फिल्म पुढे सरकवायला दोनदा लिव्हर ओढावा लागणारा एम३. प्रत्येक फ्रेमनंतर अंगठा गालात जायचा आणि ती कॅमेरा खाली घ्यायची. तेवढ्यात रस्ता बदललेला असायचा.

कपाटातून माझा कॅननेट क्यूएल१७ जी-३ काढून दिला. १९७२ चा, ४० मिमीची पक्की बसवलेली लेन्स, लेन्समध्येच बसवलेलं लीफ शटर, आवाज जेमतेम. बॅटरी मी घातलेली नव्हती. हा कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेला, ते सेल आता बनत नाहीत, आणि १.५ व्होल्टचा घातला तर उजेड मोजणारा मीटर उजेड जास्त समजतो. शिवाय याचा मीटर फक्त ऑटोवर चालतो, हाताने सगळं लावलं की बंद. मला ते चालतं. शेजारी याशिका इलेक्ट्रोही होता, पण त्यात शटरचा वेग आपल्या हातात नाही आणि बॅटरीवाचून काम अडतं. शिकणाऱ्याला तो मी देत नाही.

दिवस ढगाळ, फिल्म ४०० ची. शटर १/२५० सेकंदावर आणि लेन्सचं तोंड बारीक करून एफ/८ लावून दिलं, फोकस तीन मीटरवर. तोंड बारीक केलं की स्पष्ट येणारा पट्टा रुंदावतो. “पॅचकडे बघायचंच नाही. दोन मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंत कुणीही येऊ दे, घे.”

“मग रेंजफाइंडर घ्यायचाच कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. म्हटलं, थांबलेल्या माणसासाठी आणि संध्याकाळच्या अंधारासाठी. शिवाय फोटो निघताना समोरचं दिसत राहतं, आरसा मध्ये येत नाही.

रोल धुऊन आला तेव्हा चालती माणसं जागेवर होती. काही फ्रेम वाकड्या, दोन-तीन कॅप न काढता घेतलेल्या. रेंजफाइंडरमध्ये ते आतून कळत नाही. एम३ च्या मालकाला मी फोनवर सांगितलं की कॅमेऱ्यात दोष नाही. “मग परत का देतेय?” हे त्याला समजावताना दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ गेला.

लायकाची हौस तिची काही फिटलेली नाही. आता एम२ शोधतेय. चित्र ०.७२ पट, ३५ मिमीच्या लेन्सची चौकट आतच, चष्म्याला जरा सोयीचं. घ्यायच्या आधी चष्मा लावून चारही कोपरे दिसतात का ते बघ, एवढं बजावलंय, आणि आयपीसला चिकटवायला रबराची पातळ चकती आत्ताच कापून ठेवलीय.